किरकिरणारी बटणं

सरांनी मला फसवलं. मी सरांना फसवलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण नांदेडात ही गोष्ट उलटी सांगितली जाते आणि सांगणारे सगळे सरांचे विद्यार्थी असतात. मीही त्यांचाच विद्यार्थी. म्हणून मला जास्त लागतं.

लातूरला माझं जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे. मोठ्या शहरातल्या कंपन्या वापरून काढून टाकतात ते लॅपटॉप मी लॉटनं उचलतो, दुरुस्त करतो, पुसतो आणि विकतो. ट्यूशनला आलेली पोरं, त्यांचे बाप, ग्रामपंचायतीचे ऑपरेटर, वकिलांचे कारकून हे माझं गिऱ्हाईक. मी भावाला पक्का आहे. बोलताना माझा आवाज चढतो, तेही मला माहीत आहे. पण तू खोटा माल दिलास असं माझ्या तोंडावर म्हणणारा अजून जन्माला यायचाय. पाठीमागे म्हणणारा एकच आहे, आणि त्यानंच मला टायपिंग शिकवलं.

सरांची टायपिंगची संस्था नांदेडला एका चपलांच्या दुकानावर, अंधारा जिना चढून वर होती. मागच्या दोन खोल्यांत घर, पुढच्या लांब खोलीत मशिनी. सर मूळचे उदगीरचे, रागावले की तोंडात कानडी यायची. 'साकु!' असं ओरडले की समजायचं, आता पुरे, हात खाली. ते कुणालाच नावानं हाक मारत नसत. ज्या गावचा तो, तेच त्याचं नाव. मी चाकूर. माझ्या शेजारच्या मशीनवर देगलूर बसायचा. एकदा एकाच गावची दोन पोरं आली, तेव्हा सरांनी दुसऱ्याला विचारलं, "तुझ्या मामाचं गाव कोणतं?" आणि ते पोरगं परीक्षा पास होऊन जाईपर्यंत मामाच्या गावाच्या नावानं बसलं.

मी दिवसा एका कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायचो आणि संध्याकाळी सरांकडं जायचो. फी द्यायची ऐपत नव्हती. त्याबदल्यात मशिनींचं तेलपाणी मी करायचो, ब्रशनं अक्षरं घासायचो. हा सौदा मीच सुचवला होता. सर म्हणाले, "व्यापारी होशील तू." त्यात कौतुक होतं का टोमणा, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

जिन्याच्या वरच्या पायरीशी पाण्याचं पिंप आणि खुंटीला पंचा असायचा. हात धुऊन, कोरडे करून, नखं दाखवल्याशिवाय कुणालाच मशीनला हात लावता येत नसे. सरांनासुद्धा. सकाळी पूजा करून, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे ओढून ते बाहेर यायचे आणि पहिल्यांदा पिंपाकडं जायचे. बोटांच्या पेरांत राहिलेली विभूती चोळून चोळून काढायचे. "देव कपाळावर शोभतो. बटणावर आला की अडकतो," असं त्यांचं म्हणणं. बोलणं त्यांचंच आहे. ध्यानात ठेवा.

संस्थेत आमच्या बोटांवर कायम एक टॉवेल टाकलेला असायचा. बटणांकडं बघायचं नाही. सर मधून फिरायचे, तेही आमच्याकडं न बघता. खिडकीतून रस्त्याकडं बघत उभे राहायचे आणि पाठमोरेच म्हणायचे, "देगलूर, तुझी करंगळी झोपली." आणि ती झोपलेलीच असायची. आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. कोण उपाशी आलाय, कोण घरी भांडून आलाय, हेसुद्धा. एकदा मी मालकाशी भांडून आलो होतो, तर माझ्या मशीनजवळ येऊन म्हणाले, "चाकूर, मालक इथं न्हाई. बटणाला कशाला मारून राहिलास?"

पुढं सरकारनं मशीन बंद करून परीक्षा कॉम्प्युटरवर आणली. तोपर्यंत माझं लातूरला बस्तान बसलं होतं. सर एक दिवस न कळवता दुकानात आले. लाइट गेली तरी पोरांचा सराव थांबू नये म्हणून त्यांना संस्थेत लॅपटॉप घालायचे होते. मी खुर्ची दिली, ती त्यांनी नाकारली. कोपर आणि बटणं एका पातळीत पाहिजेत म्हणून मालाचं एक खोकं ओढलं, त्यावर बसले आणि म्हणाले, "पंखा बंद कर."

"सर, उकडून राहिलंय. गिऱ्हाईक हाय दुकानात."

"गिऱ्हाइकाला सांग, वारा बाहेर हाय. मला बटणाचा आवाज येईना."

मे महिना होता. मी पंखा बंद केला. माझ्या दुकानात माझा पंखा बंद करायला लावणारा माणूस दुसरा नाही.

मी आधी चांगले चकचकीत, पातळ लॅपटॉप काढले. सरांनी डोळे मिटले, पहिल्यावर बोटं ठेवली, दोन ओळी मारल्या आणि बाजूला सरकवला. "हा पापड हाय. बोट टेकलं की मोडल्यासारखं वाटतंय, खाली काहीच न्हाई." दुसरा घेतला. "ही चहात पडलेली बिस्किटं." तिसरा थोडा वेळ चालवला आणि डावं मनगट झटकलं. "हा तवा. ह्याच्यावर भाकरी टाकू का अर्ज लिहू?" चौथ्याची पुढची कडा मनगटाला लागत होती. सर म्हणाले, "कोर्टातला टायपिस्ट ह्याच्यावर बसला, तर निकालाच्या आधी त्याचाच हात कापला जाईल."

माझं डोकं फिरलं. "सर, हा लेटेस्ट माल हाय. पोरं ह्याच्यासाठी भांडतेत."

"पोरं तोंड बघून पसंत करतेत. नांदायचं बोटाला असतंय."

गिऱ्हाइकं हसली. माझ्याच दुकानात, मला. मी रागानं मागच्या फळीवरचे जुने, जाड, काळे लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवले. दिसायला विटेसारखे, कुणी विचारत नव्हतं त्यांना. सरांनी पहिल्यावर बोटं ठेवली आणि थांबलेच नाहीत. टकटक अशी बारीक, सारखी, एका मापाची चालू राहिली. दुकानातली पोरंसुद्धा वळून बघायला लागली. मग सर डोळे उघडून म्हणाले, "ह्याला खोली हाय, चाकूर. बोट खाली गेलं पाहिजे, तिथं त्याला जमीन लागली पाहिजे आणि जमिनीनंच त्याला वर लोटलं पाहिजे. विहिरीत पाय पडल्यासारखं नको आणि फरशीवर टाच आपटल्यासारखंबी नको."

ते खरं होतं. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला आधी डोळे मिटून आपलं नाव लिहायला लावतो. पातळ मालाच्या मागं लागलेला कारकून जाड माल घेऊन जातो आणि महिन्यानं दुसऱ्या कारकुनाला घेऊन येतो. सरांनी मला हे शिकवलं, ते मी नाकारत नाही. मी कुणाचंच देणं नाकारत नाही, म्हणून तर माझं येणं मोठ्यानं मागतो.

भाव करायची सरांची पद्धत तर विलक्षण होती. ते भावच करत नसत. मी आकडा सांगितला की ते पुन्हा डोळे मिटून टाईप करत बसायचे. मी खाली आलो, टकटक चालूच. अजून खाली आलो, तरी चालूच. मला घासाघीस करणारा माणूस पाहिजे, त्याच्यावर मी चढतो. गप्प माणसावर कसं चढायचं? शेवटी मीच माझ्याशी भांडून मीच हरलो आणि तेव्हा सर म्हणाले, "बांध."

त्या दिवशी त्यांनी जेवढे लॅपटॉप तपासले, तेवढ्यांवर एकेक अर्ज लिहून ठेवला होता. ते मला नंतर कळलं. पापड म्हणून नाकारलेला एक लॅपटॉप औशाच्या एका बापानं मुलीसाठी नेला आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. "अहो शेठ, ह्यात कुणीतरी आधीच तक्रार करून ठेवलीय की!" त्यात लिहिलं होतं: 'विषय: डाव्या करंगळीखालील बटण सुस्त असलेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...' पुढं दोन परिच्छेद, एकही चूक नाही. मी त्या बापाला सांगितलं की ही कंपनीची चाचणी असते. दुसरं काय सांगणार?

आता फसवणुकीकडं येतो.

माल नेल्यावर वर्षभरानं मला देगलूरचा फोन आला. माझ्या शेजारी बसणारा तोच. आता त्याची स्वतःची संस्था आहे आणि आसपासच्या संस्थावाल्यांत त्याचा शब्द चालतो. त्या सगळ्यांनी मिळून एकाच ठिकाणाहून लॅपटॉप घ्यायचे ठरवले होते. ती ऑर्डर माझीच, असं गृहीत होतं. मी तर बाजूचा गाळा बघून ठेवला होता.

देगलूर म्हणाला, "चाकूर, रागावू नको बाबा. पर सर म्हणून राहिले, तुझा माल किरकिरतो."

"सर म्हणले?"

"हाव. ह्या कानानं ऐकलं. पोरानं विचारलं, बटणं अशी का लागतेत, तर म्हणले, लातूरच्या माणसाचा माल हाय."

"माझ्या मालात किरकिर? तूच बघितलास की तो माल!"

"मी न्हाई म्हणत. सर म्हणतेत. सरांच्या बोटाच्या पुढं मी काय बोलू?"

हेच दुखणं होतं. दुसरं कुणी म्हणालं असतं, तर मी भांडून गप्प केलं असतं. पण ज्या बोटांना सगळं नांदेड मानतं, त्या बोटांनी माझा माल खोटा ठरवला, तर माझा दरवाजा बंद. मी त्याच आठवड्यात नांदेड गाठलं. योगानं तो सोमवार होता.

वर्ग चालू होता. सर खिडकीशी उभे होते. मी हात धुतले, नखं बघितली आणि एका मोकळ्या लॅपटॉपपुढं बसलो. बोट ठेवलं आणि अंगावर शहारा आला. भाकरीत खडा यावा, तसं. बटण खाली जाताना खसखसत होतं आणि वर येताना रेंगाळत होतं. माल माझाच होता, पण मी असा दिला नव्हता. खिशातली पातळ पट्टी काढून मी स्पेसबारच्या वरचं एक बटण अलगद उचकटलं. आत रबराच्या इवल्या टोपीभोवती राखाडी पांढरी भुकटी बसली होती, डबीत ठासून भरावी तशी. बोटावर घेतली. रेती नव्हती. मऊ होती, आणि वास ओळखीचा होता.

"सर," मी म्हणालो, "ही तर..."

"चाकूर, चहा घे," सर म्हणाले. पुढं येऊन त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. पूर्वी हात चुकला की ठेवायचे तसाच, घट्ट.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि अक्का आल्या. सरांच्या पत्नी. आम्ही सगळे त्यांना अक्काच म्हणायचो. हातात विभूतीचं लहानसं तबक. आमच्या वेळेलाही त्या दर सोमवारी अशाच यायच्या आणि टाईपरायटरच्या लोखंडी कपाळावर तीन बोटं ओढून जायच्या. मशीनला त्याचं काही नसे. मी ब्रश मारायचो, झालं.

मला बघून त्या खुलल्या. "अय्यो, चाकूर! किती वाळलास रे. दुकान बरं चालतंय न्हवं?"

"चालतंय, अक्का."

"लॅपटॉपला कपाळच न्हाई बघ," त्या पहिल्या लॅपटॉपशी थांबून म्हणाल्या. "आधी काचेवर लावत होते, तर पोरं म्हणली, अक्का, अक्षरं दिसंनात. मग हे लांबडं बटण बरं सापडलं. तीन बोटं बराबर बसतेत." आणि त्यांनी स्पेसबारवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. भुकटी बटणांच्या फटींत उतरताना मला दिसली. "तुझं दुकान चालावं म्हणून मी तुझ्या मशिनींना थोडी जास्तच लावते."

मी चहा प्यालो. कसा होता ते आठवत नाही.

सर मला खाली सोडायला आले. जिन्यात मी त्यांना अडवलं. "तुम्हाला ठाऊक होतं, सर."

ते एक पायरी खाली उतरले.

"स्वतःच्या बोटावरची विभूती धुतल्याशिवाय मशीनला न शिवणारा माणूस तुम्ही. पाठमोरं उभं राहून करंगळी ओळखता. तुम्हाला बटणातली विभूती कळली न्हाई, हे मी मानू?"

"कळली," सर म्हणाले. "पहिल्याच महिन्यात कळली."

"मग अक्कांना सांगायचं होतं."

"काय सांगू? संस्था माझी, पोरं माझी, मशिनी माझ्या. पोरीला बिदरला दिली, तेव्हापासून ह्या खोलीत तिचा म्हणून फक्त सोमवार हाय. तू मशिनी नासवून राहिलीस, असं सांगू तिला?"

"अन् म्हणून मी नासवल्या?"

सर माझ्याकडं बघत होते. शांतपणे म्हणाले, "तुझं नाव मजबूत हाय, चाकूर. सोसंल."

मी आयुष्यभर सौदे केले. समोरच्याला न विचारता त्याची वस्तू विकून टाकली, असा सौदा मी बघितला नव्हता. जिन्यात मी ओरडलो असतो, पण वर अक्का होत्या. मी एवढंच म्हणालो, "अक्कांचं नाव नको, पण माल चांगला होता एवढं तरी देगलूरला सांगा."

"सांगतो. आजच सांगतो."

त्या शब्दावर मी लातूरला परत आलो. महिना गेला, काही नाही. मग मीच देगलूरला विचारलं, तर तो म्हणाला, सर भेटले होते, पण मालाचं काही बोलले नाहीत. संस्थावाल्यांनी दुसरीकडून पातळ, चकचकीत लॅपटॉप घेतले. एकूण एक पापड. आज त्यांची पोरं मनगटाला पट्टी बांधून परीक्षेला बसतात. सरांना ते ऐकूनही कळत असेल.

मी देगलूरला स्वतः का सांगितलं नाही, असं माझी बायको विचारते. सांगितलं असतं तर ते दोन दिवसांत अक्कांच्या कानावर गेलं असतं. माझ्या धंद्यासाठी थोडी जास्तच विभूती लावणाऱ्या बाईला मी ते कसं ऐकवू? तेव्हा मी गप्प बसलो. पण हे गप्प बसणं मी अक्कांना दिलं होतं. सरांना दिलं नव्हतं.

मागच्या वर्षी अक्का गेल्या. मी गेलो होतो, दिवस झाल्यावर पुन्हा गेलो. या वेळी पट्टी, ब्रश, हवेचा पंप असं सगळं घेऊन गेलो. म्हणालो, "सर, एका दुपारचं काम हाय. सगळी बटणं साफ करून देतो. पैसे नको." माझ्या तोंडून हे शब्द फारसे निघत नाहीत, ते सरांना माहीत होतं.

सरांनी खिडकीजवळचा लॅपटॉप आपल्याकडं ओढला आणि त्यावर दोन्ही तळवे ठेवले. "न्हाई. राहू दे."

"सर, रेतीत हात घातल्यासारखं लागतंय."

"लागू दे. तिच्या हातची हाय ती."

मग ते डोळे मिटून टाईप करायला लागले. ती जुनी एका मापाची टकटक नव्हती. अडखळत, खसखसत, पण थांबत नव्हती. मी पंप पिशवीत ठेवला. त्यावर मला काही म्हणायचं नव्हतं, आजही नाही. माणसानं कुठल्या बटणावर बोटं ठेवून दिवस काढावेत, हे त्याचं त्यानं ठरवावं.

मी उठत होतो, तेवढ्यात एक नवी मुलगी सरांकडं आली. लोह्याची असावी, सर तिला लोहा म्हणत होते. "सर, ही बटणं लई किरकिरतेत."

मी सरांकडं बघितलं. सरांनीही माझ्याकडं बघितलं. आणि मग, मी समोर उभा असताना, पिशवी हातात घेऊन उभा असताना, ते त्या मुलीला म्हणाले, "लातूरच्या माणसाचा माल हाय तो. चालव तसाच."

मी जिना उतरून आलो. त्या दिवसापासून हे लिहायचं मनात होतं. आता लिहिलं, कारण हे वाचून जिला वाईट वाटलं असतं, ती बाई राहिली नाही.

सर, बटणांतली विभूती तुमची. ती मी मागत नाही आणि कुणाला साफही करू देणार नाही. पण अक्का होत्या तोवर तुम्ही त्यांना झाकत होतात, ते मी समजून घेतलं. आता कुणाला झाकताय? त्या पोरीला तुम्ही माझं गाव सांगितलंत, ते कुणासाठी? तुम्ही मला विचारलं असतं, तर मी भांडलो असतो, ओरडलो असतो आणि शेवटी माझं नाव तुम्हाला वापरायला दिलं असतं. तुम्ही विचारलं नाही. माझं नाव माझ्या पाठीमागून उचललंत आणि मी समोर उभा असताना पुन्हा वापरलंत. याचा जाब दुसरं कुणी देऊ शकत नाही, कारण दुसऱ्या कुणाच्या बोटांवर नांदेडचा विश्वास नाही. देगलूरला बोलवा, संस्थावाल्यांना बोलवा, त्या लोह्याच्या मुलीला समोर बसवा आणि सगळ्यांदेखत सांगा की लातूरच्या माणसाचा माल चांगला होता. मी येतो, म्हणाल त्या दिवशी येतो.

कधी सांगताय, सर?